कपात काय आले आणि पाण्यात काय उरले



फेस या शब्दाला आपल्या भाषेत फारसा मान नाही. काम जड झाले की तोंडाला फेस येतो. तुरीची डाळ उकळू लागली की पातेल्यात वर येणारा फेस पळीने काढून मोरीत टाकायचा, हे आपण सगळ्यांनी घरी पाहिले आहे. अशा या फेसाविषयी शाळेच्या पत्रिकेत प्राचार्यांनी लिहावे, याला कारण झाला नववीतल्या एका मुलीचा प्रश्न.

दिवाळीनंतर आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला होता. सध्या तो दुबईत नोकरी करतो आणि घरी समुद्राच्या पाण्याची, प्रवाळांची टाकी सांभाळतो. नववी-दहावीच्या मुलांना त्याने त्या टाकीची चित्रफीत दाखवली. टाकीखालच्या कपाटात एक पारदर्शक नळकांडे होते. त्यात दुधासारखे पांढरे पाणी घुसळत होते, वर एक कप बसवलेला होता आणि कपात चहाच्या गाळासारखे काळपट काहीतरी साचले होते. "हे प्रोटीन स्किमर, टाकीतली घाण काढणारे यंत्र," असे त्याने सांगितले. तेव्हा त्या मुलीने विचारले, "दादा, यंत्र चालू आहे हे दिसते. पण ते काम करते आहे हे कसे कळते?"

वर्गात थोडी हशा-कुजबुज झाली. पण प्रश्न अगदी नेमका होता. पंप घरघरतो, फेस वर चढतो, कप भरतो, म्हणजे यंत्र चालू आहे. पाणी स्वच्छ होते आहे का, हा प्रश्न यापुढचा आहे. त्या दिवशी त्याने दिलेले उत्तर आणि नंतर मी जे वाचले ते, दोन्ही मिळून येथे मांडते.

आधी यंत्र लागते कशाला ते पाहू. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तो जीव आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहते आणि सूर्यप्रकाशावर तयार केलेले अन्न त्याला देते. हे जीव वाढतात ते खाऱ्या, उबदार आणि अतिशय निर्मळ पाण्यात. टाकीत मात्र मासे खातात, विष्ठा टाकतात, खाद्याचे कण कुजतात. त्यातून प्रथिने आणि इतर सेंद्रिय द्रव्ये पाण्यात विरघळतात. जिवाणू ती कुजवतात, त्याचा अमोनिया होतो, मग नायट्राइट, मग नायट्रेट. नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की नको ते शेवाळ फोफावते आणि प्रवाळ गुदमरतात. म्हणून ही द्रव्ये कुजण्याआधीच पाण्याबाहेर काढावीत, हा या यंत्रामागचा विचार.

येथे मुलांना एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. आपल्या देशात प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात, कच्छचे आखात, आणि थोड्या प्रमाणात मालवणचा समुद्र, येथे ते आहेत आणि तेथेच असावेत. ते हौसेखातर घरी आणायचे नाहीत. आपल्याला शिकायचे आहे ते यंत्राचे तत्त्व.

तत्त्व साधे आहे. प्रथिनांसारख्या रेणूंचा काही भाग पाण्याशी रमतो आणि काही भाग पाण्यापासून पळ काढतो. हवेचा बुडबुडा भेटला की असा रेणू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो, पाणी टाळणारा भाग हवेकडे आणि दुसरा पाण्याकडे. बुडबुडे जितके बारीक तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा आणि तितकी चिकटायला जागा जास्त. असे लक्षावधी बुडबुडे नळकांड्यात वर चढतात, अरुंद मानेत त्यांचा फेस होतो, फेसातले पाणी खाली निथळते आणि उरलेली मळी कपात पडते.

हे यंत्र खाऱ्या पाण्यातच नीट चालते. त्याचे कारण मुलांना घरी पाहता येईल. माशांच्या टाकीचा लहान हवापंप आणि हवेचा दगड घ्या. एका भांड्यात साधे पाणी आणि दुसऱ्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी घ्या. समुद्राचा खारेपणा साधारण तेवढाच असतो. साध्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि भराभर वर जातात. मिठाच्या पाण्यात ते सहज मिसळत नाहीत, बारीक राहतात आणि पाणी धुरकट दिसते. पंप मोठ्यांच्या देखरेखीखालीच लावा.

बी.एस्सी.ला हिंदी माध्यमात हेच तत्त्व मी 'फेन प्लवन' या नावाने शिकले. पुढे मराठी पाठ्यपुस्तकात त्याला 'फेनतरण' म्हटलेले वाचले. शब्द दोन असले तरी गोष्ट एकच आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर चालते. बालाघाटपासून सुमारे ९० किलोमीटरवर मलाजखंड आहे. हिंदुस्थान कॉपर लिमिटेडची तेथील तांब्याची खाण १९८२ पासून चालू आहे. तेथल्या खडकात तांबे शेकड्याला एकाच्या आसपास. तो खडक पिठासारखा दळतात, पाण्यात कालवतात आणि त्यात थोडी रसायने घालतात. त्यामुळे तांब्याचे खनिज पाणी झटकणारे होते आणि फेस टिकून राहतो. मग खालून हवा सोडतात. तांब्याचे कण बुडबुड्यांना धरून वर येतात, दगडाची पूड ओली होऊन खाली राहते. फरक एवढाच की खाणीत फेस म्हणजे माल आणि माशांच्या टाकीत फेस म्हणजे मळी.

आता त्या मुलीचा प्रश्न. पहिल्या खुणा फेसातच दिसतात. नळकांड्यातले बुडबुडे बारीक, एकसारखे आणि दाट असावेत. मानेतला फेस घट्ट असावा आणि संथपणे वर सरकावा. कपातले द्रव्य रंगीत आणि दुर्गंधी असावे. फेस ओला ठेवला तर फिक्या चहासारखे पाणी जास्त मिळते, कोरडा ठेवला तर काळपट मळी थोडी मिळते. दोन्ही रीती चालतात. मात्र कपात जवळजवळ निव्वळ पाणी येत असेल तर यंत्र मळी न काढता पाणीच उपसते आहे असे समजावे.

काही खुणा यंत्राच्या प्रकृतीच्या असतात. नवे यंत्र पहिल्या दिवसापासून नीट फेस देत नाही, त्याला काही दिवस, कधी एक-दोन आठवडे लागतात. हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी मीठ साचले की बुडबुडे कमी होतात. मानेला आतून चिकट थर बसला की फेस त्याला धरून चढत नाही, म्हणून मान दर थोड्या दिवसांनी पुसावी लागते. यंत्र ज्या कप्प्यात उभे असते तेथली पाण्याची पातळी बाष्पीभवनाने खाली गेली की फेसही खाली जातो. ही सगळी देखभाल आहे. तिच्याशिवाय पुढचा विचार करण्यात अर्थ नाही.

पण फेस फसवतोही. तो दोन्ही बाजूंनी फसवतो, आणि मला सर्वांत मोलाचे वाटले ते हेच.

साबण नीट न धुतलेला हात टाकीत घातला, किंवा पाण्यात काही औषध टाकले, की फेस उसळतो आणि कप तासाभरात भरून वाहतो. पाहणाऱ्याला वाटते, यंत्र काय जोरात चालले आहे! खरे तर ती घाण निघालेली नसते, केवळ फेस करणारे काहीतरी पाण्यात पडलेले असते. दिल्लीत कालिंदी कुंजजवळ यमुनेवर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगतात, ती चित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतो. तेवढ्या फेसावरून नदी स्वच्छ होते आहे असे कोणी म्हणेल काय?

उलट बाजूही पाहा. माशांना खाद्य घातले की पुष्कळदा फेस एकदम बसतो आणि कप काही वेळ कोरडा राहतो. यंत्र बिघडलेले नसते. खाद्यातले तेल बुडबुड्यांची भिंत फोडते. डाळ उतू जाऊ नये म्हणून आपण पातेल्यात तेलाचा थेंब सोडतो, तीच ही युक्ती. आणखी एक शक्यता असते. टाकीत मासे थोडे आहेत, खाद्य मोजून घातले जाते, पाणी मुळातच स्वच्छ आहे. अशा वेळी कप रिकामा राहिला तर तो कौतुकाचा विषय आहे. तेव्हा भरलेला कप ही शाबासकी नव्हे आणि रिकामा कप हा गुन्हा नव्हे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९ आणि २०१० साली या यंत्रांची मोजदाद केली. त्यांनी कप पाहिला नाही, पाणी तपासले. पाण्यात विरघळलेल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी यंत्राने किती काढला, हे त्यांनी मोजले. उत्तर होते, सुमारे २० ते ३० टक्के. बाकीचा पाण्यातच राहिला, कारण तो बुडबुड्याला चिकटणाऱ्या जातीचा नव्हताच. तपासलेल्या निरनिराळ्या यंत्रांत फारसा फरकही आढळला नाही. कपातल्या मळीचे पृथक्करण केले तेव्हा तीत कॅल्शियम कार्बोनेट, सिलिका अशा अजैव पदार्थांचा वाटाही मोठा निघाला. म्हणजे कपातला गाळ जितका भयंकर दिसतो, तितकी कुजणारी घाण निघाली असेलच असे नाही.

याचा अर्थ यंत्र निकामी आहे असा नव्हे. ते पाण्यात हवा खेळवते, कुजण्याआधीच काही द्रव्य बाहेर काढते, हे त्याचे खरे काम आहे. पण ते काम मोजायचे असेल तर दृष्टी कपावरून पाण्याकडे वळवली पाहिजे. आमचा विद्यार्थी दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, नायट्रेट आणि फॉस्फेट तपासून वहीत लिहितो. टाकीच्या एका टोकाला पांढरा कागद धरून दुसऱ्या टोकातून पाहतो आणि पाण्याला पिवळी झाक आली आहे का ते ठरवतो. काच पुसल्यावर शेवाळाचा थर किती दिवसांनी परत दिसतो हे मोजतो. प्रवाळांची तोंडे उघडी आहेत की मिटलेली, हे रोज पाहतो. खाद्य तेवढेच, मासे तेवढेच, आणि तरी आकडे हळूहळू चढत असतील तर कप कितीही भरो, यंत्र कमी पडते आहे. आकडे स्थिर असतील तर कपाची काळजी नाही. एका दिवसाच्या आकड्यावर तो विसंबत नाही. महिनाभराची वही उघडतो आणि मग बोलतो.

मलाजखंडसारख्या कारखान्यात या तपासणीचे शास्त्रच असते. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. समजा १०० टन खडक आला आणि त्यात एक टन तांबे आहे. फेसातून ३.६ टन माल निघाला आणि त्यात २५ टक्के तांबे आहे, म्हणजे ०.९ टन तांबे हाती आले. आता एखाद्याने हवा वाढवून फेस जास्त ओढला आणि सहा टन माल काढला, पण त्यात तांबे १५ टक्केच भरले. सहा टनांचे १५ टक्के म्हणजे पुन्हा ०.९ टनच! ढीग मोठा झाला, तांबे तेवढेच राहिले, फक्त दगड जास्त आला. म्हणून प्रयोगशाळा आलेला खडक तपासते, निघालेला माल तपासते आणि तिसरे म्हणजे वाहून जाणारा गाळही तपासते. त्या गाळाला टेलिंग म्हणतात. आपल्या उदाहरणात ०.१ टन तांबे टेलिंगमध्ये गेले. कारखान्याचे कसब शेवटी तेथे कळते.

आपला गुळव्या तर प्रयोगशाळेशिवाय हेच करतो. गुऱ्हाळात कढईवरची मळी तो सतत काढत असतो, पण गूळ झाला की नाही हे काढलेल्या मळीवरून ठरवत नाही. कढईतला पाक थोडासा थंड पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळते का पाहतो आणि मगच कढई उतरवायला सांगतो. त्याची नजर कढईत जे उरले त्यावर असते.

आता हे सगळे शाळेच्या पत्रिकेत का, ते सांगते. शाळासुद्धा चालू असते. घंटा होते, पट भरतो, निकाल लागतो, पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो दर्शनी फलकावर लागतात. ती मुले आमचा अभिमान आहेत आणि त्यांचे फोटो लागलेच पाहिजेत. पण तो आपला कप आहे. त्यावरून शाळा चालू आहे हे कळते. काम करते आहे का, हे कळायला टेलिंग तपासले पाहिजे. येथे उपमा खाणीची घ्यावी, माशांच्या टाकीची नव्हे, कारण मागे राहिलेले मूल म्हणजे मळी नाही. ते तांबे आहे. गाळाबरोबर वाहून गेले तरी तांबे हे तांबेच असते. वर येण्यासाठी त्याला धरायला बुडबुडा मिळाला नाही, एवढेच.

म्हणून या सत्रापासून शाळेत एक तपासणी ठरवली आहे. तिसरी ते आठवीचे प्रत्येक मूल वर्षातून तीनदा, जुलै, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत, एक न पाहिलेले पान हिंदीत आणि एक मराठीत मोठ्याने वाचेल, वाचलेले आपल्या शब्दांत सांगेल आणि भागाकाराचे किंवा वर्गाला साजेसे एक गणित सोडवील. वर्गशिक्षक स्वतःच्या वर्गाची तपासणी करणार नाहीत, दुसरे शिक्षक करतील. गुण लागणार नाहीत, कोणाचे नाव जाहीर होणार नाही. फक्त किती मुलांना अजून जमत नाही, तो आकडा वर्गवार लिहिला जाईल आणि याच पत्रिकेत, गुणवंतांच्या यादीशेजारी छापला जाईल. वर्षअखेरीस तीन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहू.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "मॅडम, असा आकडा छापल्याने शाळेचे नाव खराब होणार नाही का?" त्यांची काळजी रास्त आहे. ही शाळा आपल्या आजोबा-पणजोबांनी वर्गणी जमवून उभी केली, तिच्या नावाला ते जपतात. मी त्यांना एवढेच म्हटले की पहिला आकडा वाईटच असेल, असे धरून चालू. प्रश्न फेब्रुवारीतल्या आकड्याचा आहे. तो जुलैपेक्षा कमी झाला तर आपली उन्हातान्हातली धडपड खरी. कमी झाला नाही तर ते आपल्याला इतर कोणाच्याही आधी कळले पाहिजे, कारण उपाय आपल्यालाच करायचा आहे. मंडळाने संमती दिली, त्यांचे मी आभार मानते.

संध्याकाळच्या जादा वर्गालाही हीच कसोटी लागेल. त्या वर्गाची हजेरी उत्तम आहे, त्याबद्दल शिक्षकांचे कौतुक. पण हजेरीपट म्हणजे कपच. वर्गात बसलेल्या मुलांपैकी कितींना दोन महिन्यांनी जादा वर्गाची गरज उरली नाही, हा आकडा आम्ही ठेवू. एखाद्या दिवशी तो वर्ग रिकामा झाला तर कोणी विचारू नये की शिक्षक कोठे गेले. रिकाम्या कपाचे दोन अर्थ असतात, हे आपण वर पाहिले. कोणता अर्थ खरा, ते तपासणीचे आकडे सांगतील.

पालकांना एक विनंती आहे. मूल शाळेतून आले की "आज काय शिकवले?" असे आपण विचारतो. त्याचे उत्तर मुले पाठ करून ठेवतात. त्याऐवजी घरातले वर्तमानपत्र, किराण्याच्या पुडीचा कागद, लग्नाची पत्रिका, जे हाती लागेल ते त्याच्यापुढे धरावे आणि चार ओळी वाचून घ्याव्यात. अडले तर रागावू नये. कोठे अडले ते एका चिठ्ठीवर लिहून वर्गशिक्षकांकडे पाठवावे. अशी चिठ्ठी शिक्षकांनी तक्रार समजू नये, असे मी त्यांना सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, नववीतल्या त्या मुलीसारखे प्रश्न विचारत राहा. यंत्राला विचारा, पुस्तकाला विचारा, आणि आम्हालाही विचारा. पहिल्या तपासणीचा आकडा पुढच्या अंकात येईल.

आपली,
प्राचार्या